‘हेस्टी’ कुठं लावायचा आणि कुठं नाही: सोलापुरातल्या नवशिक्यांसाठी

‘थँक यू फॉर युवर हेस्टी रिप्लाय.’ समजा, टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसातून परदेशी ग्राहकाला हे वाक्य गेलं. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, ‘लगेच उत्तर दिलंत, आभारी आहे.’ वाचणाऱ्याला मात्र असं वाटणार, ‘विचार न करता खरडलेल्या उत्तराबद्दल आभार.’ स्पेलिंग बरोबर आहे, व्याकरण बरोबर आहे, इंग्रजी-मराठी शब्दकोशातही ‘हेस्टी’समोर ‘घाईचा’ असंच सापडतं. तरी वाक्य फसलं, कारण हा शब्द वेग सांगतच नाही. वेगाबद्दलची नाराजी सांगतो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादर-टॉवेलच्या धंद्यात नव्यानं लागलेल्यांना, पहिल्या वर्षाला इंग्रजीत पेपर लिहिणाऱ्यांना आणि स्पर्धा परीक्षेत ‘वाक्यातली चूक ओळखा’ या प्रश्नाशी झगडणाऱ्यांना हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. तो नीट बसवायला फार व्याकरण लागत नाही. पण पायऱ्या क्रमानं चढा. पहिली पायरी चुकली तर पुढचं सगळं बरोबर असूनही वाक्य वाया जातं.

पहिली पायरी: तक्रार आहे का, ते ठरवा

इंग्रजी वाक्य जुळवायच्या आधी मनातलं मराठी वाक्य पूर्ण म्हणा आणि त्याच्या शेवटी जोडून पाहा: ‘जरा थांबायला हवं होतं.’ हे शेपूट बसलं तर ‘हेस्टी’ चालेल. बसलं नाही तर दुसरा शब्द शोधा.

‘चाटी गल्लीत पहिल्याच दुकानात लग्नाची साडी घेऊन टाकली, जरा थांबायला हवं होतं.’ बसलं. म्हणून ‘इट वॉज अ हेस्टी पर्चेस.’

‘फोन केल्यावर अ‍ॅम्ब्युलन्स पटकन आली, जरा थांबायला हवं होतं.’ हे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. म्हणून ‘हेस्टी अ‍ॅम्ब्युलन्स’ही नाही आणि ‘हेस्टी हेल्प’ही नाही. तिथं ‘क्विक’ किंवा ‘प्रॉम्प्ट’.

‘इंटरव्ह्यूत प्रश्न पुरता ऐकायच्या आत उत्तर दिलं, जरा थांबायला हवं होतं.’ बसलं. ‘आय गेव्ह अ हेस्टी आन्सर.’

ही कसोटी दहातल्या नऊ वेळा पुरते. उरलेल्या एका वेळी काय होतं, तेही सांगतो. ‘हेस्टी ब्रेकफास्ट’, ‘हेस्टी ग्लान्स’, ‘हेस्टी गुडबाय’ यांत दोष जवळपास नसतो. वेळ कमी होता म्हणून गोष्ट जेमतेम उरकली, एवढंच त्यातून कळतं. शाळेची बस दारात उभी असताना पोरानं उभ्यानं खाल्लेला नाश्ता म्हणजे ‘अ हेस्टी ब्रेकफास्ट’. कोणी कोणावर रागावलेलं नाही. पण तिथंही ‘अजून थोडा वेळ असता तर बरं झालं असतं’ हा सूर असतोच. कौतुक मात्र कुठंच नाही, आणि ही सीमा पक्की धरा: ‘हेस्टी’नं कोणाची पाठ थोपटता येत नाही.

जाता जाता एक गंमत. इंग्रजांकडं ‘हेस्टी पुडिंग’ नावाचा पदार्थ आहे, पीठ दुधात किंवा पाण्यात शिजवून झटपट केलेला, आपल्या उपम्याच्या जातकुळीतला. तिथं नावात ‘हेस्टी’ असून तक्रार नाही. अमेरिकेत हार्वर्डला तर १७९५ साली विद्यार्थ्यांनी या पदार्थाच्या नावानं क्लबच काढला. हे जुनं विशेषनाम झालं. त्याच्या आधारावर हॉटेलच्या मेनूत ‘हेस्टी उपमा’ लिहायला जाऊ नका, अर्धवट शिजलेला असेल असं वाटून गिऱ्हाईक जाईल.

आपल्या ‘गडबडी’ची अडचण

सोलापुरात ही पायरी जरा जास्त अवघड आहे, आणि त्याचं कारण आपल्या बोलण्यात आहे. आपण ‘लई गडबड हाय’ म्हणतो तेव्हा आपल्याला घाई असते. पुण्याचा पाहुणा ते ऐकून ‘काय झालं, काही भानगड का?’ असं विचारतो. आपल्याकडं ‘गडबड’ या एकाच शब्दात घाईही येते आणि गोंधळही. कन्नडमधला ‘गडिबिडि’ही असाच. शहरात कन्नड, तेलुगू, मराठी आणि उर्दू एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या, त्यामुळं शब्दांची अशी देवाणघेवाण जुनीच. पूर्व भागातल्या तेलुगू घरात ‘तोंदर’ म्हणजे घाई, आणि शेजारच्या कन्नड घरात ‘तोंदरे’ म्हणजे त्रास.

मुद्दा असा की आपली ‘गडबड’ इंग्रजीत नेताना तिचे तुकडे करावे लागतात. ‘मी गडबडीत आहे’ याचं इंग्रजी ‘आय अ‍ॅम इन अ हरी.’ ‘गडबडीनं सही केली’ याचं ‘आय साइन्ड इट हेस्टिली’ किंवा ‘हरिडली’. ‘गडबडीचा निर्णय’ याचं ‘अ हेस्टी डिसिजन’. ‘हिशोबात गडबड आहे’ याचा तर घाईशी संबंधच नाही, तिथं ‘देअर इज समथिंग राँग विथ द अकाउंट्स’.

या चारांत सगळ्यात जास्त घोटाळा पहिल्यात होतो. स्टेशनवर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायला पळत असताना ओळखीचं कोणी भेटलं आणि तुम्ही म्हणालात ‘आय अ‍ॅम हेस्टी’, तर समोरच्याला ऐकू येईल: ‘मी उतावळा माणूस आहे.’ गाडी चुकेल ती वेगळीच. घाईत असणं ही त्या वेळेपुरती अवस्था आहे, तिला ‘इन अ हरी’. ‘हेस्टी’ माणसाच्या वागण्यावर शेरा मारतो. आपल्या ‘उतावळा’ शब्दाचा हा बराच जवळचा भाऊ. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला नवरा इंग्रजीत ‘हेस्टी’ ठरेल.

दुसरी पायरी: उच्चार आणि आर्टिकल

हे पटकन उरकू. उच्चार ‘हेस्टी’, ‘टेस्टी’शी यमक जुळणारा. ‘हॅस्टी’ नाही, ‘हास्टी’ तर नाहीच. स्पेलिंग एच-ए-एस-टी-वाय. ‘एच’चा उच्चार होतो म्हणून आधी ‘अ’ येतो, ‘अ‍ॅन’ येत नाही: ‘अ हेस्टी डिसिजन’. ‘अ‍ॅन अवर’मध्ये ‘एच’ मुका आहे म्हणून ‘अ‍ॅन’ आलं, तो नियम इकडं ओढू नका. आणि डिसिजन, कन्क्लुजन, रिट्रीट ही मोजता येणारी नामं आहेत, म्हणून एकवचनात आर्टिकल हवंच. ‘ही मेड हेस्टी डिसिजन’ हे आपल्याकडचं हमखास वाक्य. मराठीत ‘त्यानं घाईचा निर्णय घेतला’ म्हणताना ‘एक’ लागत नाही, त्यामुळं इंग्रजीतही ते निसटतं. ‘अ हेस्टी डिसिजन’ म्हणा, नाहीतर अनेकवचन करून ‘हेस्टी डिसिजन्स’.

तुलना करायची वेळ क्वचित येते. आली तर ‘वाय’ जाऊन ‘आय’ येतो: हेस्टिअर, हेस्टिएस्ट. बोलताना ‘टू हेस्टी’, ‘अ बिट हेस्टी’, ‘रादर हेस्टी’ हेच जास्त कामाला येतात.

तिसरी पायरी: वाक्यातली जागा

नामाच्या आधी लावणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात सुरक्षित. ‘शी मेड अ हेस्टी प्रॉमिस.’ ‘वी डोन्ट वॉन्ट हेस्टी कन्क्लुजन्स.’

दुसरी जागा ‘इज, वॉज, सीम्ड’ यांच्यानंतर. ‘द डिसिजन वॉज हेस्टी.’ ‘द डिसिजन सीम्ड हेस्टी.’ ‘सीम’ हे क्रियापद आहे म्हणून त्याच्यापुढं ‘हेस्टिली’ लावायचा मोह होतो, आवरा. तिथं निर्णय कसा वाटला हे सांगायचं आहे, म्हणजे वर्णन निर्णयाचं चाललंय.

माणसाबद्दल बोलताना थोडं जपून. ‘ही इज हेस्टी’ म्हणजे तो स्वभावानंच उतावळा. ‘ही इज बीइंग हेस्टी’ म्हणजे आत्ता, या प्रकरणात, घाई करतोय. एरवी शांत असलेल्या माणसाला पहिलं वाक्य लावलंत तर अन्याय होतो. कोणाला थोपवायचं असेल तर ‘डोन्ट बी हेस्टी’ किंवा ‘लेट्स नॉट बी हेस्टी’. यातलं दुसरं ऑफिसात फार उपयोगी आहे. साहेबांना ‘यू आर हेस्टी’ म्हणणं म्हणजे तोंडावर ‘तुम्ही उतावळे आहात’ म्हणणं. त्याऐवजी ‘आय थिंक वी मे बी अ लिटल हेस्टी हिअर’ म्हटलं की ‘साहेब, आपली जरा घाई तर होत नाही ना?’ असा सूर लागतो. ‘यू’चं ‘वी’ केल्यानं निम्मं काम होतं, आपण नाही का ‘तुमचं चुकलं’ऐवजी ‘आपलं चुकलं’ म्हणून निभावून नेत.

आता दोन रचना, ज्या परीक्षेत विचारतात आणि ईमेलमध्येही लागतात.

‘आय वॉज हेस्टी इन रिफ्युझिंग द ऑफर.’ माणूस पुढं, मग ‘हेस्टी’, मग ‘इन’, मग ‘आयएनजी’ लागलेलं क्रियापद.

‘इट वॉज हेस्टी ऑफ मी टू रिफ्यूज द ऑफर.’ इथं ‘इट’नं सुरुवात, ‘ऑफ’ नंतर माणूस, मग ‘टू’ आणि मूळ क्रियापद. ‘इट वॉज काइंड ऑफ यू टू कम’ हे वाक्य पाठ असेल तर त्याच साच्यात ‘काइंड’ काढून ‘हेस्टी’ घाला.

दोन्ही साचे एकमेकांत मिसळले की चूक होते: ‘आय वॉज हेस्टी ऑफ रिफ्युझिंग’ किंवा ‘इट वॉज हेस्टी इन मी’. यातला एकच साचा निवडून महिनाभर वापरा, दुसरा नंतर आपोआप येईल. मी सुचवीन ‘इन’वाला. तो बोलताना सहज येतो आणि आधी ‘टू’ (टी-ओ-ओ, म्हणजे ‘फारच’) लावून ‘आय वॉज टू हेस्टी इन ब्लेमिंग हिम’ म्हटलं की कबुलीही सभ्य होते.

चौथी पायरी: सोबत कोणती नामं चालतात

इंग्रजी शब्दांची आपापली बिऱ्हाडं ठरलेली असतात. ‘हेस्टी’ कोणाकडं राहतो, हे कळलं की निम्मी लढाई जिंकली. ढोबळमानानं त्याची तीन घरं.

पहिलं आणि सगळ्यात मोठं घर विचार-निर्णयाचं: डिसिजन, जजमेंट, कन्क्लुजन, असम्प्शन, प्रॉमिस, मॅरेज, आन्सर, वर्ड्स. इथं दोष पूर्ण ताकदीनं असतो. ‘हेस्टी वर्ड्स’ म्हणजे रागाच्या भरात तोंडातून गेलेले, मागाहून पस्तावा होणारे शब्द. निर्णयासोबत ‘मेक’ किंवा ‘टेक’ दोन्ही क्रियापदं चालतात. कन्क्लुजनसोबत ‘ड्रॉ’ किंवा ‘रीच’. ‘जंप टू कन्क्लुजन्स’ हा वाक्प्रचार वापरत असाल तर त्यात ‘हेस्टी’ घालू नका, उडी मारण्यातच घाई आली.

याच घरात तर्कशास्त्रातलं ‘हेस्टी जनरलायझेशन’ राहतं. दोन-चार उदाहरणांवरून सगळ्यांबद्दल नियम ठोकून देणं, हा युक्तिवादातला एक नाव मिळालेला दोष आहे. गल्लीत दोनदा रात्री पाणी आलं म्हणून ‘आपल्याकडं पाणी रात्रीच येतं’ म्हणणं हे ‘हेस्टी जनरलायझेशन’. निबंध लिहिणाऱ्यांनी आणि वादविवाद स्पर्धेतल्या मुलांनी हा शब्दप्रयोग जसाच्या तसा लक्षात ठेवावा. समोरच्याला ‘तू खोटं बोलतोस’ म्हणण्यापेक्षा ‘धिस इज अ हेस्टी जनरलायझेशन’ म्हणणं जास्त टोचतं आणि नियमातही बसतं.

दुसरं घर निघून जाण्याचं: रिट्रीट, एक्झिट, डिपार्चर, एस्केप. इथं थोडी गंमत असते, थोडी फजिती. ‘बीट अ हेस्टी रिट्रीट’ हा वाक्प्रचार सैन्यातून आला. पूर्वी माघारीचा हुकूम ढोल बडवून देत, म्हणून ‘बीट’. आता ढोल राहिला नाही, पळ राहिला. भुईकोट किल्ल्याच्या बागेत डबा उघडला आणि मधमाश्या आल्या, तर ‘वी बीट अ हेस्टी रिट्रीट’. भूतकाळातही ‘बीट’च, ‘बीटेड’ नाही. लग्नात नको असलेल्या नातेवाइकानं ‘काय मग, पोराचं कुठं जमलं का?’ विचारायला सुरुवात केली आणि तुम्ही जेवणाच्या रांगेकडं सटकलात, तर ‘आय मेड अ हेस्टी एक्झिट’. एक्झिटसोबत ‘मेड’ आणि रिट्रीटसोबत ‘बीट’, एवढा फरक सांभाळा.

तिसरं घर छोट्या कामांचं: मील, ब्रेकफास्ट, ग्लान्स, नोट, स्केच, गुडबाय. हे वर आलंच आहे.

आता ज्यांच्या दारात ‘हेस्टी’ उभा राहू शकत नाही, ते पाहा. ट्रेन, बस, इंटरनेट, मशीन यांना तो लागत नाही. विचार करायची जबाबदारी ज्यांच्यावर नाही त्यांच्यावर अविचाराचा आरोप कसा करणार? वंदे भारत ‘फास्ट’ आहे, ‘हेस्टी’ नाही. यंत्रमाग ‘हाय-स्पीड’ असतो. डिलिव्हरी आणि सर्विस यांना तुम्ही कौतुकानं काही म्हणणार असाल तर ‘प्रॉम्प्ट’ किंवा ‘क्विक’.

पण सुरुवातीचं ‘हेस्टी रिप्लाय’ कायमचं बाद झालं असं समजू नका. तोच शब्द स्वतःच्या उत्तराला लावला की वाक्य उत्तम होतं: ‘सॉरी फॉर द हेस्टी रिप्लाय, आय वॉज ऑन द बस.’ मोबाइलवरून दोन ओळी टाकल्या, नीट लिहायला जमलं नाही, माफ करा. दुसऱ्याच्या उत्तराला लावला की टोमणा, स्वतःच्या उत्तराला लावला की नम्रपणा.

पाचवी पायरी: ‘हेस्टी’ की ‘हेस्टिली’

इथं मराठी आपल्या मदतीला येते. मराठीत ‘घाईचा, घाईची, घाईचं’ हे नामाला चिकटतं आणि ‘घाईघाईनं’ क्रियापदाला. तोच फरक इंग्रजीत ‘हेस्टी’ आणि ‘हेस्टिली’ यांच्यात आहे. ‘घाईचा निर्णय’ म्हणजे ‘अ हेस्टी डिसिजन’. ‘घाईघाईनं ठरवलं’ म्हणजे ‘डिसायडेड हेस्टिली’. ‘ही साइन्ड द पेपर्स हेस्टी’ हे चूक, कारण सही कशी केली ते सांगतोय.

‘हेस्टिली’चं स्पेलिंग एच-ए-एस-टी-आय-एल-वाय. मधला ‘आय’ गाळून ‘हेस्टली’ लिहिणारे पुष्कळ आहेत. तसा शब्द इंग्रजीत नाही. ‘घोस्टली’ आहे, पण तो भुतांचा.

एक बारीक गोष्ट मात्र पुस्तकं सहसा सांगत नाहीत. मराठी माणूस घाई क्रियापदावर टाकतो: घाईत ठरवलं, घाईत निघालो, घाईत खाल्लं. इंग्रजी अनेकदा उलटं करते. क्रिया नामात भरते आणि विशेषण त्या नामाला लावते: ‘मेड अ हेस्टी डिसिजन’, ‘मेड अ हेस्टी डिपार्चर’, ‘हॅड अ हेस्टी मील’. दोन्ही तऱ्हा बरोबर आहेत. पण फक्त क्रियाविशेषणाचीच सवय ठेवली तर ‘हेस्टी’ आयुष्यभर वहीतच राहील. म्हणून सरावाला मुद्दाम हे रूपांतर करा. ‘वी लेफ्ट हेस्टिली’ लिहा, खाली ‘वी मेड अ हेस्टी डिपार्चर’ लिहा.

‘हेस्टिली’ची खरी हुकमी जागा दुसरीच आहे, केलेल्या-उभारलेल्या गोष्टींच्या आधी: ‘हेस्टिली अरेंज्ड’, ‘हेस्टिली रिटन’, ‘हेस्टिली बिल्ट’. गड्ड्याच्या यात्रेआधी होम मैदानावर एखादा स्टॉल रातोरात ठोकला असेल तर तो ‘अ हेस्टिली बिल्ट स्टॉल’. ‘बिल्ट’ला आधार हवा म्हणून ‘हेस्टिली’. ‘अ हेस्टी स्टॉल’ म्हटलं तर इंग्रज माणूस स्टॉलच उतावळा कसा, म्हणून बघत राहील.

सहावी पायरी: हेस्ट, हेसन आणि एक ‘अ’

‘हेस्टी’चं नाम ‘हेस्ट’. ते मोजता येत नाही, म्हणून ‘इन हेस्ट’, मधे ‘अ’ नाही. ‘हरी’ला मात्र या प्रयोगात ‘अ’ लागतोच: ‘इन अ हरी’. आपल्याकडं नेमकं उलटं करून ‘इन अ हेस्ट’ आणि ‘इन हरी’ म्हणायची पद्धत पडली आहे. परीक्षेत चूक शोधायला दिलेल्या वाक्यात ‘इन हरी’ दिसलं की बाकीचं वाक्य वाचायच्या आधी तिथं खूण करायला हरकत नाही. मग बाकीचंही वाचा, नाहीतर तोच ‘हेस्टी आन्सर’ व्हायचा.

क्रियापद ‘हेसन’. स्पेलिंगमध्ये ‘टी’ आहे, उच्चारात नाही, ‘लिसन’ आणि ‘फासन’सारखं. आणि या क्रियापदात नाराजी नाही! ‘आय हेसन टू अ‍ॅड’ म्हणजे ‘लगेच सांगून टाकतो, गैरसमज नको’. एकाच कुळातला हा भाऊ भांडकुदळ नाही. म्हणून ‘हेस्टी’ची कसोटी ‘हेसन’ला लावू नका.

सातवी पायरी: शेजाऱ्यांतून योग्य तो निवडणं

‘हेस्टी’ नाही तर मग काय, याचं उत्तर बहुतेक वेळा ‘क्विक’. तो कुठंही चालतो, चांगल्या-वाईट कशालाही. ‘फास्ट’ वेगासाठी: गाडी, बॉलर, इंटरनेट. ‘प्रॉम्प्ट’ वेळेवर आणि तत्परतेनं केलेल्या कामासाठी, धंद्याच्या पत्रव्यवहारात सगळ्यात गोड शब्द. ‘अर्जंट’ म्हणजे तातडीचं काम, ते अजून व्हायचं असतं. ‘हेस्टी’ काम बहुतेकदा होऊन गेलेलं असतं. ‘अर्जंट मीटिंग’ बोलावतात, ‘हेस्टी मीटिंग’ आटोपतात.

खरा गोंधळ उरतो तो ‘हरिड’, ‘रश्ड’ आणि ‘रॅश’ यांच्याशी. ‘हरिड’ आणि ‘रश्ड’मध्ये वेळ कमी होता, दोष बहुधा परिस्थितीचा. ‘हेस्टी’मध्ये विचार कमी पडला, दोष माणसाचा. पेपरची शेवटची दहा मिनिटं उरली आणि अक्षर बिघडलं तर ‘हरिड हँडरायटिंग’. पेपर हातात पडताच सूचना न वाचता लिहायला घेतलं तर ‘हेस्टी स्टार्ट’. जेवण, निरोप, नजर यांच्यासोबत दोन्ही चालतात, तिथं डोकं खाजवत बसू नका.

‘रॅश’ आणखी एक पाऊल पुढं, त्यात धोका पत्करलेला असतो, बेपर्वाई असते. म्हणून ‘रॅश ड्रायव्हिंग’. आपल्या कायद्यातही हाच शब्द आहे: पूर्वी भारतीय दंड संहितेचं २७९ वं कलम, आता भारतीय न्याय संहितेचं २८१ वं. सात रस्त्यावर सिग्नल तोडून सुसाट जाणाऱ्याला ‘हेस्टी ड्रायव्हर’ म्हणणं म्हणजे त्याचं फारच सौम्य शब्दांत वर्णन करणं झालं.

आता हात चालवा

खालची वाक्यं आधी स्वतः दुरुस्त करा, मग पुढचं वाचा.

‘थँक यू फॉर हेस्टी डिलिव्हरी ऑफ बेडशीट्स.’
‘ही एट हिज भाकरी हेस्टी अँड रॅन फॉर द बस.’
‘आय रोट धिस लेटर इन अ हेस्ट.’
‘शी वॉज हेस्टी इन रिफ्यूज द जॉब.’
‘माय ब्रदर मेड हेस्टी डिसिजन.’
‘द बॅट्समन टुक अ हेस्टी सिंगल.’

पहिल्यात ‘प्रॉम्प्ट’, आणि त्याच्या आधी ‘द’ किंवा ‘युवर’ घातलं तर बरं. दुसऱ्यात ‘हेस्टिली’, किंवा वाक्यच बदलून ‘ही हॅड अ हेस्टी मील ऑफ भाकरी अँड शेंगा चटणी’, हे मला जास्त आवडेल. फक्त कडक भाकरी असेल तर घाईनं खाता येत नाही, तो प्रश्न व्याकरणाचा नाही. तिसऱ्यातला ‘अ’ काढा. चौथ्यात ‘रिफ्युझिंग’. पाचव्यात ‘अ हेस्टी डिसिजन’.

सहाव्यापाशी थांबा. पार्क मैदानावर फलंदाजानं चेंडू ढकलला आणि चपळाईनं धाव पूर्ण केली असेल तर ‘अ क्विक सिंगल’. समोरच्या जोडीदाराकडं न बघताच सुटला आणि कसाबसा वाचला, तर वाक्य आहे तसं बरोबर, ‘हेस्टी’ शोभून दिसतो. धावबादच झाला असेल तर मात्र ‘टुक’ चालणार नाही, धाव मिळालीच नाही. तिथं ‘ही वॉज रन आउट गोइंग फॉर अ हेस्टी सिंगल’. म्हणजे हे वाक्य तपासायला व्याकरण पुरत नाही, आधी तो क्रीजमध्ये पोचला का आणि कसा पोचला, ते विचारावं लागतं.